घर आणि गल्ला एकच असला की धंदा कुठं वाढतो आणि कुठं अडतो

बँकेत लोन मागायला गेलं की साहेब एक साधा प्रश्न विचारतात, धंद्यातनं घराला महिन्याला किती जातात? आणि समोर बसलेला कारखानदार, ज्याला सुताच्या भावातला रुपयाचा फरक तोंडपाठ असतो, तो इथं गप्प होतो. कारण गल्ल्यातनं घरात जाणारे पैसे कधी कुणी मोजलेलेच नसतात. सकाळी दूधवाल्याला दिले, पोरीच्या क्लासची फी भरली, मावसभावाच्या लग्नाचा आहेर गेला, आणि रात्री जे उरलं तो आजचा धंदा. मी सोलापुरात छोट्या धंद्यांचे हिशेब लिहायचं काम करतो, त्यामुळं हा प्रश्न आणि त्यानंतरची ती शांतता माझ्या चांगल्या ओळखीची आहे.

संस्कृती आणि धंदा म्हटलं की लोकांना वाटतं आता भाषण येणार, आपली माणसं रिस्क घेत नाहीत, मराठी माणूस धंद्यात मागं वगैरे. तसलं काही मला सांगायचं नाही, आणि सोलापुरात ते खरंही नाही, इथं पिढ्यान्पिढ्या धंदा करणारी तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू, गुजराती, मारवाडी अशी सगळी घरं एकाच बाजारात आहेत. मला सांगायचंय ते जरा कोरडं आहे. रीतभात पैशात मोजता येते. घरच्या धंद्यात दोन गोष्टी वहीत कधीच चढत नाहीत, एक म्हणजे घराकडनं फुकट मिळालेलं भांडवल आणि दुसरी म्हणजे न विचारता घरात गेलेला खर्च. धंदा लहान असतो तेव्हा पहिली गोष्ट जास्त असते, म्हणून तो टिकतो. मोठा व्हायला लागला की दुसरी वाढत जाते, आणि दोन्ही लिहिलेल्या नसल्यामुळं धंदा नेमका कशामुळं अडला हे कुणालाच कळत नाही.

आधी पहिली बाजू बघू.

१८७० च्या दशकात सोलापुरात पहिली कापड गिरणी निघाली, तिला लोक अजून जुनी मिल म्हणतात, पुढं नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू अशा गिरण्या आल्या. तेलंगणातनं आलेले पद्मशाली विणकर पूर्व भागात वसले. पुढं गिरण्या एकेक करून बंद पडल्या पण विणकाम काही थांबलं नाही, हातमागावर आणि मग पॉवरलूमवर घरोघरी चालूच राहिलं. खाली माग, वर घर. बाप आणि पोरं मागावर, आजी कांड्या भरायला, शाळेतनं आलेलं पोरगं चादरीच्या घड्या घालायला. यातल्या कुणालाही पगार नव्हता. आणि घरातली बाई? ती विड्या वळत होती. विडी कंपनीच्या ब्रँचमधनं पाला आणि तंबाखू आणायचा, घरी बसून वळायच्या, नेऊन द्यायच्या, हजार विड्यांमागं ठरलेली मजुरी घ्यायची. मजुरी थोडी, पण येत राहणारी. कुंभारीजवळची गोदूताई परुळेकर वसाहत बघा, विडी कामगार बायकांसाठी उभी राहिलेली दहा हजार घरं, त्यावरनं या कामात किती बायका आहेत याचा अंदाज येतो.

आता याचा धंद्याशी संबंध काय, तर असा. नवऱ्यानं कर्ज काढून दोन माग टाकले आणि पहिले सहा महिने ते नीट चालले नाहीत तरी चूल विडीच्या पैशावर पेटत होती. म्हणजे नवा धंदा तोट्यात असताना घर चालवणारा पैसा, ज्यासाठी आजकालचे स्टार्टअपवाले लोकांकडं हात पसरतात, तो इथं बायकोच्या मजुरीतनं येत होता. कारखानदाराला विचारलं की सुरुवात कशी झाली, तर तो म्हणतो की मी दोन मागांवर सुरू केलं. विडीचं नाव त्यात क्वचितच निघतं.

हे फुकट भांडवल पुढं त्रास कसा देतं ते कडक भाकरीवरनं सांगतो, कारण तिथं आकडे सोपे आहेत. आकडे समजुतीपुरते धरा, हिशेबाची पद्धत बघा.

समजा एका घरात सासू आणि दोन सुना मिळून दिवसाला ४०० कडक भाकऱ्या करतात. भाकरी ८ रुपयाला विकली जाते. ज्वारी, गॅस, पिशवी, लेबल धरून ५ रुपये खर्च. म्हणजे भाकरीमागं ३ रुपये, दिवसाचे १२०० रुपये नफा. घरात सगळे खूश. मग पुण्याच्या दुकानदाराचा फोन येतो, रोज १००० भाकऱ्या पाठवा, पण होलसेल आहे तर साडेसात रुपयानं द्या. घरात हिशेब होतो की अडीच रुपये सुटतात, हजारावर रोजचे अडीच हजार, सोन्यासारखी ऑर्डर आली की! तीन बायकांच्या हातनं ४०० होतात तर हजाराला आठ बायका लागणार, म्हणून गल्लीतल्या आठ जणी ३५० रुपये रोजावर घेतल्या. त्यांचा रोज झाला २८००. माल विकून वरचे सुटले २५००. रोज ३०० रुपये तोटा, आणि पुण्याला पाठवायचं भाडं अजून धरलेलंच नाही.

दोन महिन्यांनी ऑर्डर बंद होते आणि घरात निष्कर्ष काय निघतो, तर बाहेरच्या बायका मन लावून काम करत नाहीत, आपल्या घरच्यांसारखं कुणाला जमत नाही. खरं तर त्या आठ जणी घरच्यांइतक्याच भाकऱ्या करत होत्या. फरक एवढाच की त्यांना पैसे द्यावे लागत होते. घरच्या तिघींचा रोज ३५० नं धरला असता तर पहिल्या दिवसापासनं कळलं असतं की भाकरीची खरी किंमत साडेसातच्या वर जाते, आणि तो १२०० चा नफा म्हणजे १०५० रुपये सासू-सुनांची मजुरी आणि १५० रुपये धंद्याचा नफा होता. मग पुणेवाल्याला साडेसातचा भाव दिलाच नसता, नऊ मागितले असते, नाही जमलं तर सोडून दिलं असतं.

शेंगा चटणी असो, ब्लाऊज शिवणं असो, मेस असो, सगळीकडं हाच घोळ आहे. सुनेच्या मेहनतीला किंमत लावणं म्हणजे घराचं दुकान केलं असं वाटतं लोकांना, बोलायलाच अवघड जातं, "आपल्याच घरात काय पगार देतोस बे" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय. पण पगार हातात द्या नाहीतर नका देऊ (द्यावा असं माझं मत आहे, ते सोडा), भाव काढताना तरी तो धरावाच लागतो. नाही धरला की धंदा घरातल्या हातांएवढाच राहतो, बाहेरचा पहिला माणूस ठेवला की तोटा.

आता पैशाची दुसरी वाट, भिशी आणि उधारी.

वीस जण, महिन्याला प्रत्येकी दहा हजार, दर महिन्याला दोन लाख एकाच्या हातात. ज्याला घाई आहे तो बोली लावून दोन लाखाऐवजी एक सत्तरला उचलतो, उरलेले तीस हजार सगळ्यांत वाटले जातात, तेच व्याज. तारण नाही, कागद नाही, सही सुद्धा नाही. कितीतरी छोट्या धंद्यांची पहिली मशीन अशीच आलेली असते, बँकेनं तेव्हा दारातही उभं केलं नसतं. भिशी सहसा बुडत का नाही? कारण बुडवणाऱ्याला शिक्षा कोर्ट देत नाही, समाज देतो. त्याच्या पोरीचं स्थळ बघायला आलेले लोक चौकशी करतात तेव्हा कुणीतरी हळूच सांगतं की याचा व्यवहार बरोबर नाही. सुताच्या व्यापाऱ्याकडची उधारीसुद्धा तशीच चालते. माणूस कुणाचा कोण, कुणाच्या ओळखीनं आला, वडलांचा शब्द कसा होता, एवढ्यावर लाखाचं सूत उचलून देतात. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर जातबिरादरी इथं क्रेडिट ब्युरोचं, म्हणजे कोण कर्ज कसं फेडतो याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचं, काम करते, आणि फार स्वस्तात करते.

पण या ब्युरोत ज्याचं नाव नाही त्याला सूत मिळत नाही, ही याची वाईट बाजू, आणि तिच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. हुशार कारागीर असेल, वीस वर्षं मागावर काढली असतील, पण बाजारात त्याच्या नावानं बोलणारा कुणी नसेल तर तो कामगारच राहतो. आणि जे आत आहेत त्यांचीही एक अडचण होते. मार्क ग्रॅनोवेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली मांडलं होतं की नवी माहिती आपल्याला जवळच्या माणसांकडनं कमी आणि लांबच्या ओळखीच्यांकडनं जास्त मिळते, कारण जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. सोलापुरात हे डोळ्यानं बघता येतं. एकाच नात्यातले, एकाच भिशीतले, एकाच लग्नात जेवणारे दहा कारखानदार असतील तर दहाही जण तसलीच चादर, तसलाच टॉवेल काढतात, त्याच चार व्यापाऱ्यांना विकतात आणि एकमेकांचा भाव पाडतात. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन (हा माल याच भागातला अशी सरकारी ओळख) मिळालेलं आहे, तरी बाहेर बनलेला माल सोलापुरी नावानं बिनधास्त विकला जातो, आणि आपले लोक मात्र शेजाऱ्यापेक्षा दोन रुपये कमी कसे करायचे यात अडकलेले. याउलट शाळेच्या गणवेशांचा धंदा बघा. शिलाईचं काम इथं आधीपासनं होतं, पण गणवेशवाल्यांनी प्रदर्शनं भरवली, परराज्यातनं गिऱ्हाईक बोलवलं, ज्याच्याशी सोयरीक नाही, भाषा नाही अशा माणसाबरोबर सॅम्पल, रेट आणि तारखेवर बोलायला शिकले. तिथं वडलांचा शब्द चालत नाही, तिथं डिलिव्हरी चालते.

उधारीवरनं आठवलं, कायदा आणि रीत समोरासमोर आल्यावर काय होतं त्याचं एक ताजं उदाहरण आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचा माल घेतला की लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे हा नियम २००६ च्या कायद्यातच होता, पण कोण विचारतंय. मग इन्कम टॅक्समध्ये ४३बी(एच) हे कलम आलं, एप्रिल २०२४ पासनं लागू, त्यात या मुदतीत पैसे नाही दिले तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, जेव्हा पैसे देईल त्या वर्षी धरायचा. छोट्या कारखानदारासाठी चांगलं हत्यार की. पण आपल्याकडं लेखी करार कुठं असतो, सगळं तोंडी, त्यामुळं हिशेब १५ दिवसांवर येतो, आणि व्यापारी वर्षानुवर्षं दिवाळीला चुकतं करणारा. त्याला १५ दिवसाचं कसं सांगायचं, तो काय म्हणेल, त्याच्या घरी आपण जेवलोय. मग गिऱ्हाईक तुटायला नको म्हणून उद्यम नोंदणीच (छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद) नको म्हणणारे लोक मी बघितले. कायद्यानं दिलेला पैसा संकोचापायी सोडला. एक साधं दोन ओळींचं कागद, बिल तारखेपासनं ४५ दिवस, एवढं जरी सुरुवातीला सही करून घेतलं तरी दोघांचीही सोय होते, आणि नवीन गिऱ्हाईकाकडं ते मागायला काहीच अवघड जात नाही, अवघड जातं ते जुन्याकडंच.

लग्नाचा विषय टाळता येणार नाही. इथं लोक एकदम दोन टोकं गाठतात, एक म्हणतो लग्नात पैसे उडवतात म्हणून धंदे बुडतात, दुसरा म्हणतो समाजात राहायचं तर करावंच लागतं. दोघांचंही अर्धं बरोबर आहे. मोठ्या लग्नाचा धंद्याला फायदा होतो, खोटं कशाला बोला. अक्षतेला कोण कोण आलं यावरनं बाजारात पत ठरते, सुताचा व्यापारी पहिल्या पंगतीला बसून गेला की पुढच्या महिन्याची उधारी न विचारता वाढते. पण पैसा कुठनं काढला हे महत्त्वाचं. समजा बँकेत १५ लाखाची कॅश क्रेडिट लिमिट आहे, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसं उचलायचं आणि भरायचं कर्ज, आणि त्यातनं ८ लाख लग्नाला उचलले. व्याज ११ टक्के धरलं तर वर्षाचे ८८ हजार, हे दिसतं. न दिसणारं असं की आता रोखीनं सूत घ्यायला हातात पैसा नाही, उधारीचा चढा भाव द्यावा लागतो. महिन्याला ६ लाखाचं सूत लागत असेल आणि उधारीत दीड टक्का जास्त जात असेल तर महिन्याला ९ हजार, वर्षाला १ लाख ८ हजार. म्हणजे लग्नाचे फोटो अल्बममध्ये गेल्यावरही दर वर्षी जवळजवळ दोन लाख जात राहतात, जोपर्यंत ते ८ लाख परत खात्यात येत नाहीत. आणि ते येईपर्यंत धाकट्याचं लग्न निघतं. घरासाठी वेगळं कर्ज काढून, वेगळ्या हप्त्यानं फेडलं असतं तर किमान लग्नाचा खर्च म्हणून तो दिसला असता. कॅश क्रेडिटमधनं गेला की "यंदा धंद्यात काही राहिलं नाही" असं दिसतं, आणि मग शिव्या कामगाराला नाहीतर सरकारला.

सणावारांचं मात्र मी फार मनावर घेत नाही. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ, दसऱ्याला मशीनची पूजा, पितृपक्षात खरेदी नाही, अमावस्येला नारळ आणि कोहळा. यात माग बंद राहतात हे खरं, पण या सुट्ट्या आधीपासनं माहीत असतात, माहीत असलेल्या सुट्टीचं प्लॅनिंग करता येतं, आणि कामगार एरवी गायब होतो तो सणाला निदान सांगून जातो. पितृपक्षात मशीन घ्यायचं नाही तर आधी घ्या की.

खरी अडचण येते ती मोठ्या माणसाची. प्रत्येक घरात एक मालक असतो, अप्पा म्हणा, अण्णा म्हणा, दादा म्हणा. चेकवर सही त्यांची, व्यापाऱ्याशी बोलणं त्यांचं, भाव त्यांच्या डोक्यात. जोपर्यंत एकच माणूस सगळं बघू शकतो तोपर्यंत ही पद्धत फार फास्ट चालते, मीटिंग नाही, मेल नाही, निर्णय जागेवर. पुढं पोरगा शिकून येतो, म्हणतो अप्पा ऑनलाईन टाकू, डिझाईन कॉम्प्युटरवर काढू, अमुक गिऱ्हाईकाला उधारी बंद करू. अप्पा म्हणतात, आतापर्यंत चाललंय की. विषय संपला. पोरगा उलट बोलत नाही, कारण तसं वळण नाही, तो मान हलवतो आणि हळूहळू मित्राबरोबर वेगळाच धंदा बघायला लागतो नाहीतर पुण्याला जातो. मालकाला शेवटपर्यंत कळत नाही की पोरानं काय सुचवलं होतं. मोठ्यांचा मान ठेवण्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण ज्या घरात मुलाला ठराविक रकमेपर्यंत, समजा पन्नास हजारापर्यंत, न विचारता निर्णय घ्यायची मुभा आहे त्या घरातली दुसरी पिढी टिकलेली दिसते. पन्नास हजार बुडाले तर बुडाले, शिकवणीची फी समजायची.

आणि मग एक दिवस मालक जातात. त्या दिवसापर्यंत कुणी विचारलेलं नसतं की हा धंदा कागदावर नक्की कुणाचा आहे. भागीदारी कायदा १९३२ चा आहे, त्यात करारात वेगळं लिहिलं नसेल तर पार्टनर गेला की फर्म विसर्जित होते, आणि दोघंच पार्टनर असतील तर एक गेल्यावर फर्म उरतच नाही. फर्म नोंदवलेली नसेल तर अडकलेल्या पैशासाठी गिऱ्हाईकावर दावाही लावता येत नाही. घर आणि कारखान्याची जागा वडलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्यानं मुलींचा हक्क येतो. महाराष्ट्रानं हे २२ जून १९९४ पासनं केलं होतं, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासनं देशभर मुलीला मुलासारखाच जन्मानं हक्क आला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की २००५ साली वडील हयात होते की नव्हते यानं फरक पडत नाही.

आपल्याकडची रीत काय, तर बहिणीनं हक्कसोड पत्रावर सही करायची, भावानं माहेर टिकवायचं. सही नाही केली तर भाऊबीजेला कुठल्या तोंडानं जायचं हा प्रश्न तिला पडतो, त्याला नाही. यात चूक-बरोबर काय ते ज्यानं त्यानं ठरवावं असं मी म्हणणार नाही, मला हा सौदा एकतर्फीच वाटतो. पण निव्वळ धंद्याच्या अंगानं बघितलं तरी तो महागात पडतो. कारण जागा तारण ठेवून मोठं कर्ज काढायला गेलं की बँकेचा वकील सगळ्या वारसांच्या सह्या मागतो, आणि वीस वर्षं जिला धंद्यात काही विचारलं नाही त्या बहिणीकडं अचानक फाईल घेऊन जावं लागतं. तिनं थोडा वेळ मागितला तर ती वाईट. काही घरांत हे फार शहाणपणानं केलेलं आहे, बहिणीचा हिस्सा धंद्याला दिलेलं कर्ज म्हणून वहीत चढवला, दरवर्षी व्याज तिच्या खात्यात. माहेरही राहिलं, जागाही अडकली नाही.

वाटणीचं एक चित्र पूर्व भागात सहज बघायला मिळतं. शेड एकच, पत्रे एकच, पण आत मधोमध विटांची भिंत, पलीकडनं दुसऱ्याच्या मागांचा खडखडाट ऐकू येतो. २४ मागांचा कारखाना, तीन भाऊ, आठ-आठ माग. न्याय अगदी बरोबर, आईनंसुद्धा समाधानानं मान डोलावली असेल. पण २४ मागांवर जी ऑर्डर घेता येत होती ती आठवर घेता येत नाही. २४ मागांच्या नफ्यातनं कधीतरी एखादा नवा रॅपिअर माग (शटलशिवाय वेगानं चालणारा) आला असता, आठ साध्या शटल मागांच्या नफ्यातनं तो येत नाही. सायझिंगला (सुताला खळ लावायला), डाईंगला (रंगवायला) देताना मालाचा लॉट छोटा म्हणून रेट चढा. तीन मीटर, तीन अकाउंट, तीन जीएसटी नंबर, आणि गिऱ्हाईक तिघांना एकमेकांविरुद्ध खेळवतंय. आपल्याकडं समान वाटणी म्हणजे वस्तू मोजून वाटायची असंच डोक्यात बसलंय. खरं तर माग एकत्र ठेवून नफ्याचा हिस्सा वाटता येतो, भागीदारीत, एलएलपीत (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), कंपनीत, कसंही. पण त्यासाठी कोण किती काम करतो, त्याचा पगार किती, आणि काम न करणाऱ्या भावाला फक्त हिस्सा की पगारही, हे बोलावं लागतं. ते बोलण्यापेक्षा भिंत बांधणं सोपं वाटतं. बहुतेक भांडणं जावा-जावांची म्हणून सांगितली जातात, पण वही उघडली की बऱ्याचदा निघतं वेगळंच, मोठा दिवसभर कारखान्यात आणि मधला नुसता संध्याकाळी गल्ल्यावर, आणि घरखर्चाला दोघांना सारखेच.

म्हणून माझ्याकडं कुणी वाढवायचं म्हणून आलं की मी आधी मशीनचं कोटेशन बघत नाही. घराचं खातं वेगळं काढा म्हणतो, दर महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम तिकडं टाका, मग महिनाभर गल्ल्याला हात नाही. पहिल्या महिन्यात वीस तारखेलाच संपते, घरात कुरबुर होते, पण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत खरा आकडा सापडतो आणि बँकेच्या साहेबाला उत्तर देता येतं. मग काम करणाऱ्या प्रत्येकाचा पगार ठरवायचा, काम करणाऱ्या पार्टनरचा पगार करारात लिहिलेला असेल तर ठराविक मर्यादेपर्यंत इन्कम टॅक्समध्ये खर्च म्हणून धरता येतो, म्हणजे यात तोटा काहीच नाही. आणि एक तरी माणूस असा ठेवा जो नात्यातला नाही आणि ज्याला नाही म्हणायची परवानगी आहे, मुनीम असो, मॅनेजर असो. मेव्हण्याला उधारी बंद आहे हे मेव्हण्याला सांगायला आपली जीभ वळत नाही, त्याची वळते.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात, नाव. माग वाटले, जागा वाटली, गिऱ्हाईकं वाटली, पण आजोबांच्या नावाचा जो ब्रँड आहे तो कुणाचा? मग दोघं भाऊ तेच नाव वापरतात, एक पुढं "न्यू" लावतो, एक "ओरिजिनल", आणि एकाच्या हलक्या मालाची बदनामी दुसऱ्याला भोगावी लागते. ट्रेडमार्क नोंदवायला व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाईन अर्जाची सरकारी फी मालाच्या एका वर्गाला साडेचार हजार आहे, चादर-टॉवेल २४ व्या वर्गात, तयार कपडे २५ व्या. नोंदणी दहा वर्षं चालते, मग रिन्यू करायची. वाटणीआधी ते नाव फर्मच्या नावावर घ्या आणि कोण कशासाठी वापरणार ते लिहून ठेवा. आणि आधीच नोंदवलेलं असेल तर सर्टिफिकेट काढून कुणाच्या नावावर आहे ते बघा, कारण बऱ्याच घरांत ते अजून आजोबांच्याच नावावर असतं आणि रिन्युअलची तारीख कधीच उलटून गेलेली असते.